ती जन्मली होती

खोकं सलाईनच्या बाटल्यांचं होतं. आतले पुठ्ठ्याचे कप्पे काढून टाकले होते. मॅनेजरनं ते माझ्या खाटेच्या पायथ्याशी ठेवलं आणि माझ्या नवऱ्याला सांगितलं, यात घ्या आणि निघा, पुढचा पेशंट बाहेर बसलाय.

मी म्हणाले, एक पांढरं फडकं द्या, गुंडाळायला.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. नवऱ्याकडं बघूनच बोलला.

"फडकं कशाला? तुमच्यात पुरतातच ना? खोकं चालतंय."

तुमच्यात. शाळेत असल्यापासून ऐकते. तुमच्यात हे खातात, तुमच्यात असं चालतं, तुमच्यात पोरी लवकर देतात. ऐकून ऐकून कानाला घट्टा पडला होता. त्या दिवशी मात्र 'तुमच्यात' माझी मुलगीही धरली होती. चार तास जगलेली. तिला अजून नाव नव्हतं, पण जात मिळाली होती.

मी गाऊनवरची ओढणी काढली आणि तिला गुंडाळलं. वॉर्डात माणसं होती, बघत होती. मला लाज वाटली नाही. काहीच वाटलं नाही. नवऱ्यानं खोकं उचललं, मी तिला उचललं. रिकामं खोकं त्यानं रिक्षापर्यंत का आणलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

हा लातूरचा एक खाजगी दवाखाना. आमचं गाव औशापासून आत, सात-आठ किलोमीटरवर. नवरा औशाच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पिकअप चालवतो. मी बारावी शिकलेली, घरी शिवणकाम करते. आम्ही मांग. माझ्या सासऱ्यांच्या तरुणपणी आमच्या मांगवाड्यातली काही घरं प्रार्थनेला जाऊ लागली, त्यातलं एक आमचं. कागदावर आम्ही हिंदूच आहोत. नवरा कागदावर दत्ता, प्रार्थनेत दानिएल. मलाही अशीच दोन नावं आहेत. कुठं कुठलं सांगायचं हे आमच्यात लहान लेकराला पण कळतं. जातीचा दाखला, घरकुल, शिष्यवृत्ती, सगळं पहिल्या नावावर. दुसरं नाव रविवारी, पत्र्याच्या शेडमध्ये, टाळ्यांच्या आवाजात.

मला सातव्या महिन्यातच कळा आल्या. सकाळी दहाच्या सुमारास मुलगी झाली. ती रडली. मांजराच्या पिल्लासारखं, पण रडली. मी ऐकलं. माझ्या उशाशी दवाखान्यातल्या झाडलोटीच्या बाई होत्या, कौसरआपा. त्यांनी ऐकलं. डॉक्टर मॅडमनीही ऐकलं, कारण त्या म्हणाल्या, अरे, रडली की. मग त्यांनी सांगितलं की हिला काचेत ठेवायला पाहिजे, ती सोय आपल्याकडं नाही, मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, मॅनेजर बघतील. आणि त्या खाली ओपीडीला गेल्या.

मॅनेजरनं फोन केला की नाही, मला माहीत नाही. नवरा सारखा विचारत होता. एकदा मॅनेजर म्हणाला, गाडी येतेय. एकदा म्हणाला, तिथं जागा नाही. शेवटी नवऱ्याला जिन्यात गाठून म्हणाला, "असली पोरं जगत नसतात. त्यात मुलगी. उगं फिरवू नका, पुढच्या वेळी बघू."

कौसरआपांनी तिला आपल्या छातीशी धरलं होतं, पोलक्याच्या आत, ऊब लागावी म्हणून. मग माझ्या छातीवर ठेवलं. दोन वाजेपर्यंत ती तिथं होती.

त्या चार तासांचं मला सगळं आठवतं. तिची नखं. नखं पूर्ण आली होती. कानाची पाळी इतकी पातळ की उजेड आरपार दिसायचा. तिनं एकदा माझं बोट धरलं आणि सोडलं. डोळे उघडले नाहीत. मी प्रार्थना केली नाही. मला ती सुचलीच नाही. मी नुसती श्वास मोजत होते. दोन वाजता मोजायला काही उरलं नाही.

कागदावर त्यांनी लिहिलं, मृत जन्म. म्हणजे पोटातूनच मेलेली आली. नवऱ्याला सांगितलं, जिवंत लिहिलं तर मग मेली कशानं ते विचारतात, पोलीस येतात, पोस्टमॉर्टेम होतं, एवढ्याशा जिवाला फाडतात. नवऱ्यानं सही केली. मी त्याला दोष देत नाही. त्याला वाटलं, आपण तिला चिरण्यापासून वाचवलं.

आम्ही रिक्षानं गावात आलो. सूर्य अजून वर होता. आमच्या वाड्याची माती द्यायची जागा ओढ्याच्या काठाला आहे, गायरानाच्या टोकाला. शेजारचं रान तात्यांचं. तात्या म्हणजे गावातले मोठे शेतकरी, त्यांचे भाऊ सरपंच. दर साली त्यांचा बांध नांगराच्या एका तासानं आमच्याकडं सरकतो. कुणी बोलत नाही.

तात्या बांधावरच होते. कुणीतरी आधी सांगितलं असणार. सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणते, हातात कुदळ घेऊन पुढं गेले. मी तिला मांडीवर घेऊन रिक्षात बसले होते. सगळं ऐकू येत होतं.

तात्या आवाज न चढवता बोलले. तसे ते कधीच आवाज चढवत नाहीत.

"तुम्ही येशूचे झालाव ना? मग येशूकडं न्या की. आज पोरगी पुरताल, उद्या वर क्रूस लावताल, परवा म्हनताल जागा आमची."

मामंजींनी चपला काढल्या. हात जोडले. म्हणाले, क्रूस लावत नाही, मालक, नुसती माती देतो आणि जातो. साठी ओलांडलेला माणूस, नातीला पुरायला हात जोडून उभा. तात्यांनी मान हलवली. नाही म्हणाले. मग गड्याला हाक मारून पाण्याचं काहीतरी विचारलं. बोलणं संपलं होतं.

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. दवाखान्यात कमरेत भूल देतात तशी मला कुणीतरी वरून खालपर्यंत दिली होती.

त्या रात्री ती घरातच होती. त्याबद्दल मला काही सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नवरा म्हणाला, लातूरला मोठं चर्च आहे, त्यांची स्वतःची दफनभूमी आहे, आपलीच माणसं आहेत. आपलीच, असं तो म्हणाला. आम्ही गेलो तेव्हा आत उपासना चालू होती. आम्ही फाटकाजवळ कडुलिंबाखाली बसलो. गाणी ऐकू येत होती. आमच्या शेडमध्ये म्हणतो तीच, पण इथं पेटीच्या सुरात, सावकाश. उपासना सुटली. इस्त्रीच्या साड्या, लेकरांच्या पायात बूट. एक बाई जवळ आल्या, माझ्या मांडीवरचं बोचकं बघितलं, आणि परत वळल्या.

कमिटीचे सेक्रेटरी आले. रिटायर हेडमास्तर, सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांचे आजोबा आमच्या तालुक्यातल्याच एका मांगवाड्यातून मिशनच्या शाळेत गेले होते, असं मी मामंजींच्या तोंडून ऐकलंय. सर वाईट वागले नाहीत. व्हरांड्यात बसायला सांगितलं, चहा मागवला. मग एकेक विचारत गेले. बाप्तिस्मा कुठं झाला? नवरा म्हणाला, तेरणा नदीच्या पाण्यात. नोंद आहे? नाही. दाखल्यावर काय आहे? हिंदू मांग. उद्या कुणी तक्रार केली तर कमिटी अडचणीत येते, सर म्हणाले. धर्मांतराच्या केसेस कशा चालल्यात ते तुम्ही बघताच. मग दवाखान्याचा कागद मागितला, चष्मा लावून वाचला, घडी घालून परत दिला.

"शिवाय हे मृत जन्म आहे. जे जन्मलंच नाही, त्याचा दफनविधी कसा करायचा? शास्त्रात तशी तरतूद नाही."

जे. ते. त्यांनी एकदाही 'ती' म्हटलं नाही. मॅनेजर 'असली पोरं' म्हणाला होता. सर 'जे' म्हणाले. मी चहाचा कप खाली ठेवला. म्हणावंसं वाटलं, ती रडली होती. पण तोंड उघडलं नाही. बारावी शिकलेल्या बाईचं तोंड उघडलं नाही. नवऱ्यानं सरांना नमस्कार केला आणि आम्ही निघालो.

मी हे लिहितेय ते त्या न उघडलेल्या तोंडासाठी.

गावात परत आलो तर दारात मार्थाअक्का बसल्या होत्या. अक्का आठवडी बाजारात बांगड्या विकतात आणि आमच्या शेडमधली प्रार्थना चालवतात. सही करता येते, वाचता येतं, त्याच्यावर त्यांचं शिक्षण नाही. निलंग्याकडच्या, बोलण्यात कानडी येतं. नवऱ्यानं त्यांना सगळं सांगितलं. तात्यांचं, सरांचं. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्याजवळ येऊन ओढणी थोडी बाजूला केली, चेहरा बघितला.

"नाव काय ठेवलीस गं पोरीचं?"

दोन दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी आणि नवऱ्यानं महिन्याभरापूर्वी एक नाव ठरवलं होतं, मुलगी झाली तर. मी म्हणाले, सुवार्ता.

अक्का म्हणाल्या, मग सुवार्ताला घरीच ठेवू. घराच्या मागं, मोरीपासून लांब, भिंतीला लागून जागा होती. मामंजींनी खणलं. आत्याबाईंनी, म्हणजे सासूनं, आपल्या लुगड्याचा धुतलेला तुकडा आणला. अक्कांनी प्रार्थना केली, लांब नाही. त्या देवाला एवढंच म्हणाल्या की आम्ही हिला बघायच्या आधी तू बघितलास, पोटात होती तवापासून तुला ठावकी हाय, आता सांभाळ. मामंजी माती ओढू लागले. मी आत गेले आणि चूल पेटवली. माणसं जेवायची होती.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. दूध यायचं. आत्याबाई छातीला फडकं आवळून बांधायच्या. मी शिवणाला बसायची आणि सुईत दोरा न घालताच मशीन चालवायची. खालचं कापड भोकं पडून निघायचं. शेजारणी म्हणायच्या, होईल दुसरं. मी मान हलवून हाव म्हणायची.

रविवारी शेडमध्ये गेले नाही. अक्का घरी आल्या. मी म्हणाले, अक्का, मला प्रार्थना येईना. त्या म्हणाल्या, नको करू. नुसती बस. मग आम्ही दोघी नुसत्या बसलो. त्या दर दोन दिवसांनी यायच्या, बांगड्यांची पेटी दारात ठेवायच्या, नुसत्या बसायच्या.

त्या बसण्यात मला एक गोष्ट कळायला लागली. एकदम नाही. दहा-पंधरा वर्षं मी म्हणत आले होते की माणूस देवानं आपल्या प्रतिमेचा केलाय. पोपटासारखी. आणि त्याच्याकडं मागत आले होते. पाऊस दे, परीक्षेत पास कर, नवऱ्याला गाडी मिळू दे. माझा विश्वास म्हणजे मागण्यांची पिशवी होती. आता मागायला काही नव्हतं. उरलं होतं ते एकच, त्या चार तासांत माझ्या छातीवर काय होतं? तिनं कुणाचं काम केलं नव्हतं. कुणाला उपयोगी पडली नव्हती. तिच्याकडं जमीन नव्हती, मार्क नव्हते, दाखला नव्हता. तरी तिच्यात काही कमी नव्हतं. ती पुरी होती. मला हे कुणी शिकवलं नाही, मी ते वजन अंगावर घेतलं होतं. आणि ती पुरी होती तर मी अर्धी कशी? हात जोडून उभे राहिलेले मामंजी अर्धे कसे?

हे मी अक्कांना बोलून दाखवलं नाही. पण भूल उतरायला लागली की आधी दुखतं, तसं दुखायला लागलं.

मग आशाताई आल्या. आमच्या गावच्या आशा वर्कर, तात्यांच्या भावकीतल्या, स्वभावानं चांगल्या. त्यांना त्यांचं रजिस्टर भरायचं होतं. प्रसूती एक. जिवंत जन्म, शून्य. मृत जन्म, एक. पान माझ्यापुढं सरकवून म्हणाल्या, इथं सही कर.

मी पेन घेतला. त्या शून्याकडं बघितलं.

"ताई, ती जन्मली होती. चार तास होती. मी सही करत नाही."

त्या म्हणाल्या, दवाखान्याचा कागद तसा आहे, मी काय करू? मी म्हणाले, कागद चुकीचा आहे. त्या म्हणाल्या, असू दे गं, आता काय फरक पडतो. मी पेन बंद करून त्यांच्या हातात दिला. ते शून्य तसंच ठेवून त्या उठल्या. पण माझं तोंड उघडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी एसटीनं लातूरला गेले. मॅनेजर म्हणाला, कागद बदलत नसतो. आठ दिवसांनी परत गेले. तो म्हणाला, मॅडम नाहीत. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ओपीडी भरलेली होती. मी नंबर लावून बसले. माझं नाव पुकारल्यावर आत गेले. मॅडमनी मान वर करून विचारलं, काय होतंय? समोर खुर्ची होती. आधीच्या सगळ्या तपासण्यांत मी त्या खुर्चीशेजारी उभी राहिले होते. त्या दिवशी बसले.

मी सांगितलं, माझी मुलगी जिवंत जन्मली होती, तुम्हीही ऐकलंत, तेवढं लिहून द्या.

मॅडम रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवून समजावू लागल्या. "अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं ते. चार तासांच्या बाळाचा दाखला घेऊन तू काय करणार आहेस?"

मी म्हणाले, काही करणार नाही. ती होती, म्हणून पाहिजे.

त्या म्हणाल्या, बरं, एक काम कर, आमच्याविरुद्ध काही तक्रार नाही असं लिहून दे, मग बघते. मॅनेजर दारात येऊन उभा राहिला होता. दार उघडंच होतं. बाहेर बाकावर बायका पोटं धरून बसल्या होत्या, आणि त्यांच्या पायाशी कौसरआपा फरशी पुसत होत्या.

मी म्हणाले, "मी तुमच्याविरुद्ध अजून काही लिहिलेलं नाही. आणि तक्रार नाही असंही लिहिणार नाही. खरं तेवढं लिहा. ती जन्मली."

मॅनेजर पुढं येऊन म्हणाला, कोण म्हणतंय जन्मली? हिच्याकडं काय पुरावा?

आपांनी पोछा बादलीत टाकला. दारापर्यंत आल्या. पदराला हात पुसले.

"मेडम, बच्ची रोई थी. मेरे हात में थी. मैं झूट कायकू बोलूं?"

बाकावरच्या बायका बघत होत्या. मॅडम आपांकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं, मग बाहेरच्या बाकाकडं. त्यांनी केसपेपर मागवला. त्यात नर्सनं वेळा लिहिलेल्या होत्या. जन्माची, ऑक्सिजनची, आणि शेवटची. खोटं फक्त वरच्या कागदावर होतं, आत सगळं खरं पडून होतं. मॅडमनी महापालिकेला दुरुस्तीचं पत्र लिहिलं. सही करताना म्हणाल्या, तुम्ही उगाच वाढवलंत. 'तू'चं 'तुम्ही' झालेलं मी ऐकलं. त्याचा आनंद झाला नाही.

पुढच्या महिन्यात आपा त्या दवाखान्यात नव्हत्या. मी पत्ता काढत त्यांच्या घरी गेले. त्या आता लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासतात. मी म्हणाले, माझ्यामुळं झालं. त्यांनी नाही म्हटलं नाही. हाव म्हणाल्या, पर बोलना तो पडता था. आणि मला जेवू घातलं. एका वाक्याची किंमत काय असते ते मला चर्चच्या व्हरांड्यात कळलं नव्हतं, आपांच्या घरात कळलं.

महापालिकेत जन्माचा फॉर्म भरायचा होता. त्यात दोन वेगळे रकाने होते. वडिलांचा धर्म. आईचा धर्म. नवरा माझ्याबरोबर होता. त्यानं पेन हातात घेतला आणि थांबला. मला बाजूला नेऊन म्हणाला, हिंदूच लिहू, घरकुलाचा शेवटचा हप्ता अडकलाय, उद्या जातीचा दाखला रद्द झाला तर? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. रद्द होतात. आमच्या डोळ्यांदेखत झालेत.

पण मी विचार करत होते. तात्यांनी नाही म्हटलं, आम्ही येशूचे म्हणून. सरांनी नाही म्हटलं, आम्ही कागदावर हिंदू म्हणून. दोन नावांच्या मधल्या फटीत माझी मुलगी पडली होती. ती फट आम्ही पाडलेली नाही. कुणाची पूजा करतो त्यावरून सवलत द्यायची की काढायची, हे ठरवणाऱ्यांनी ती पाडली. तरी रोज तिच्यात पाय ठेवून जगत होतो आम्हीच.

नवऱ्यानं त्याच्या रकान्यात हिंदू लिहिलं. मी अडवलं नाही. त्याच्या भीतीवर मी थुंकणार नाही. मग मी पेन घेतला आणि माझ्या रकान्यात लिहिलं, ख्रिस्ती. क्लार्कनं वाचून वर बघितलं. म्हणाला, बाई, नीट विचार केलाव का? मी म्हणाले, केलाय.

दाखले मिळाले. एक जन्माचा, एक मृत्यूचा. दोन्हींवर एकच तारीख. नावाच्या जागी सुवार्ता. मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही. बसस्टँडवर येऊन एसटीची वाट बघत बसले.

ही बातमी चर्चपर्यंत गेली. सरांनी माणूस पाठवला. निरोप असा, आता कागद व्यवस्थित झाले आहेत, कमिटी विचार करू शकते, बाळाला दफनभूमीत आणता येईल, फक्त गाजावाजा नको. नवऱ्याचा चेहरा उजळला. मामंजींनाही बरं वाटलं. मी त्या माणसाला पाणी दिलं, चहा दिला, आणि निरोप दिला की ती हलणार नाही. उद्या कागद नसलेलं लेकरू तुमच्या फाटकाशी आलं तर त्याला आत घेणार का, एवढं सरांना विचारा. त्याचं उत्तर हाव असेल तर मी स्वतः येऊन बसेन तुमच्या बाकावर. उत्तर अजून आलेलं नाही.

अक्का म्हणाल्या, शास्त्र माफ कर म्हणतंय. मी म्हणाले, अक्का, माफी मागायला तरी कुणी आलंय का? त्या म्हणाल्या, आधी खरं होऊ दे. माफीचं मी आठवण करीन. त्या करतील. मला माहीत आहे. आणि तेव्हा मला जड जाईल हेही माहीत आहे.

ओढ्याच्या काठची जागा वाड्याच्या नावावर लावून द्यावी म्हणून आम्ही ग्रामपंचायतीला अर्ज केला आहे. पहिली सही माझी. खाली वाड्यातल्या बायकांच्या. प्रार्थनेला येणाऱ्या आहेत, न येणाऱ्याही आहेत. त्या म्हणाल्या, मरतो तर सगळेच. आत्याबाईंनी अंगठा दिला. मामंजींनी दिला नाही. नवरा म्हणतो, बघू. तात्यांनी निरोप धाडलाय की अर्ज मागं घ्या, नाहीतर रानातलं काम बंद. दोन बायकांनी नाव काढून घेतलं. बाकीच्या आहेत.

ग्रामसभा येत्या महिन्यात आहे. मी उभी राहणार आहे. कुणाच्या पायाशी चपला काढणार नाही. आमच्या वाड्यातलं कुणीही, चार तासांचं असो की ऐंशी वर्षांचं, येशूचं असो की कुणाचंही नसो, माती मागत दारोदार फिरणार नाही. जागा दिली तर तिथं पुरू. नाही दिली तर पुढचं प्रेत ग्रामपंचायतीच्या पायरीवर ठेवू आणि शेजारी बसू. उठवायला पोलीस आले तरी उठणार नाही. हे मी अर्जात लिहिलं आहे.